‘संकटात संधी’चा ऑनलाइन कोर्स: चौथं प्रकरण नीट बघा, बाकीचं पळवलं तरी चालेल

कोर्सचं आणि कंपनीचं नाव मी घेणार नाही. एक तर याच साच्यातले कोर्स सध्या पायलीला पन्नास मिळतात आणि मी लिहितोय ते त्यातल्या बहुतेकांना लागू पडेल. दुसरं, मला कुणाशी भांडायचं नाहीये. घ्यावा की न घ्यावा या विचारात असलेल्याला आत काय मिळेल आणि काय नाही, एवढं कळलं तरी पुरे.

आत काय आहे? आठ प्रकरणं, रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, प्रत्येक प्रकरणासोबत भरायचा एक तक्ता, आठवड्यातून एकदा लाइव्ह तास, शंका विचारायला ग्रुप आणि शेवटी प्रमाणपत्र. जाहिरातीत म्हटलंय, ‘संकट ओळखा, संधी हेरा, झेप घ्या’. झेपेचा एक ॲनिमेशनपटही आहे. तो प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला लागतो आणि पळवता येत नाही.

मी कोण, हे सांगणं भाग आहे, नाहीतर पुढची कुरकुर कळणार नाही. मी आयुष्यभर पर्चेसमध्ये काम केलं. यंत्रांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, त्यात कच्चा माल आणि बाहेरून करून घ्यायची कामं माझ्याकडे. व्हेंडर शोधायचे, दर पाडायचे, माल वेळेत आला नाही की फोन करकरून त्यांचा जीव खायचा. मग वरच्यांनी सगळी खरेदी एका ठिकाणी नेली आणि आमचा विभाग बंद झाला. मुलीने या कोर्सची लिंक पाठवली, ‘बाबा, बघा तरी’ म्हणाली. बघितला.

पहिली दोन प्रकरणं ‘मानसिकता’ या विषयावर आहेत आणि ती दोन प्रकरणं म्हणजे एकच गोष्ट दोनदा. संकटाकडे बघण्याचा दृष्टिकोन बदला, प्रश्न विचारा, भीतीला मित्र बनवा. मागे संगीत. प्रशिक्षक बोलतो चांगला, आवाजही दमदार, पण तासभर ऐकल्यावर वहीत लिहायला काही सापडत नाही. घाबरलेल्या माणसाला कुणीतरी शांतपणे समजावतंय याचाही उपयोग असतो, हे मला मान्य आहे. ग्रुपमधल्या काही जणांना त्याने बरं वाटलं, त्यांनी तसं लिहिलंही. पण त्यासाठी दोन प्रकरणं?

तिसऱ्या प्रकरणात उदाहरणं सुरू होतात आणि माझं कपाळ तिथेच आठ्यांनी भरलं. न्यूटन आलाच. १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज बंद झालं, न्यूटन घरी वूल्सथॉर्पला गेला आणि तिथे गणित, प्रकाश, गुरुत्वाकर्षण यांवर काम केलं. हे सगळं खरं. पण प्रशिक्षक सांगतो की ‘एकांताला त्याने संधी मानलं’, आणि पुढे जातो. अहो, घरची शेती होती त्याची, वाडा होता. पोटाची चिंता नव्हती, अभ्यास आधीच जोरात चालू होता आणि त्याचा ‘प्रिन्सिपिया’ हा मोठा ग्रंथ छापून यायला १६८७ उजाडलं. प्लेगच्या त्या वर्षी त्याच विद्यापीठातून बाकीचेही घरी गेले होते. त्यांनी घरी काय केलं ते कोर्सला ठाऊक नाही, मलाही नाही, आणि म्हणूनच त्यांच्यावर कुणी व्हिडिओ काढत नाही.

त्यानंतर सायकल. १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, १८१६ साली युरोपात उन्हाळा जवळजवळ आलाच नाही, पिकं गेली, घोड्यांना खायला मिळेना, म्हणून कार्ल ड्राइस या जर्मन माणसाने १८१७ मध्ये पायाने ढकलायची दुचाकी काढली. गोष्ट झकास आहे. उद्रेक खरा, थंड उन्हाळा खरा, १८१७ च्या जूनमधली मानहाइमजवळची ती फेरीही खरी. पण चाऱ्याची टंचाई पडली म्हणून ड्राइसला दुचाकी सुचली, हा मधला दुवा इतिहासकारांनी नंतर जोडलेला तर्क आहे आणि त्यावर एकमत नाही. व्हिडिओत तो असा सांगितलाय की जणू ड्राइसने स्वतः पावती लिहून दिली होती. पर्चेसमध्ये राहिलेल्या माणसाला ‘पावती कुठे आहे’ ही खोड असते, त्याला इलाज नाही.

एक उदाहरण मात्र त्यांनी चांगलं उचललं, पण त्याचं सार हातचं घालवलं. लहान मुलांची ती रंगीत मऊ माती, प्ले-डो. ती मुळात भिंतीवरचा कागद पुसायचा लगदा होता. घरं कोळशावर तापायची तेव्हा भिंतींवर काजळी बसायची, ती हा लगदा टिपून घ्यायचा. मग गॅस आणि तेल आलं, धुता येणारे व्हिनाइलचे कागद आले, आणि लगद्याचं गिऱ्हाईक आटलं. कंपनी बुडायच्या बेतात होती. तेव्हा मालकाच्या नात्यातली एक बाई, बालवाडीची शिक्षिका, तिने तो लगदा मुलांना खेळायला देऊन बघितला. मुलांना आवडला. पुढे साबणाचा अंश काढून, रंग घालून १९५६ मध्ये तो खेळणं म्हणून बाजारात आला.

कोर्स म्हणतो, बघा, उद्योजकाची दूरदृष्टी! छे. कारखान्यात बसलेल्यांना ती संधी दिसली नव्हती. दिसली ती बाहेरच्या बाईला, कारण तिच्यासमोर रोज मुलं होती आणि त्यांच्या हाताला नेहमीची खेळायची माती फार कडक पडत होती. तिला स्वतःची अडचण माहीत होती, तुमचा माल तिला नवा होता. यावरून शिकायचंच असेल तर एवढंच की आपला पडून असलेला माल, आपलं पडून असलेलं कसब, आपल्या धंद्याबाहेरच्या चार माणसांना दाखवा. हे कुणालाही उद्या सकाळी करता येईल. पण व्हिडिओत ते नाही. तिथे ‘चौकटीबाहेर विचार करा’ आहे.

आता चौथं प्रकरण. याच्यासाठी मी हा मजकूर लिहायला घेतला.

हे प्रकरण दुसऱ्याच बाई शिकवतात. त्या पुरवठा साखळीतल्या जोखमीचं काम करणाऱ्या आहेत, कॅमेऱ्यासमोर थोड्या अवघडलेल्या, संगीत नाही, मागे साधी भिंत. पहिल्याच मिनिटाला त्यांनी १७ मार्च २००० ची आग काढली आणि मी खुर्ची पुढे ओढली.

न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की इथे फिलिप्सचा चिप बनवायचा कारखाना. वीज पडली, आग लागली, दहाएक मिनिटांत विझलीसुद्धा. बाहेरच्याला वाटेल, झालं, संपलं. पण चिप बनते त्या खोलीत धुळीचा कणही चालत नाही, आणि तिथे धूर आणि पाणी शिरलं. फिलिप्सने गिऱ्हाइकांना कळवलं की आठवडाभर उशीर होईल. मोबाइल फोन बनवणारी दोन मोठी गिऱ्हाइकं होती, नोकिया आणि एरिक्सन. बातमी दोघांना एकच.

नोकियाच्या लोकांनी तो माल खास नजर ठेवायच्या यादीत टाकला आणि रोज फोन सुरू केले. आठवड्याचे महिने होणार हे कळताच त्यांनी फिलिप्सच्या दुसऱ्या कारखान्यांतली क्षमता आपल्यासाठी मागून घेतली, काही चिपचं डिझाइन असं बदललं की दुसरीकडून करून घेता येतील, आणि इतर पुरवठादारांना कामाला लावलं. एरिक्सनमध्ये ती बातमी खालच्या पातळीवर रेंगाळली. गांभीर्य वरपर्यंत पोचलं तोवर बाजारातली मोकळी क्षमता गेलेली होती, आणि त्या चिपला त्यांच्याकडे दुसरा पुरवठादारच नव्हता. नुकसान सुमारे ४० कोटी डॉलरच्या विक्रीचं धरलं जातं. २००१ मध्ये एरिक्सनने मोबाइलचा धंदा सोनीबरोबर भागीदारीत नेला. त्याला ही एकच आग कारण नव्हती, पण आग कारणांपैकी होती.

हे मी वाचलेलं होतं. पण बाईंनी पुढे जे विचारलं ते मला कुणी कधी विचारलं नव्हतं: ‘रोज फोन करायला नोकियाकडे माणूस कुठून आला?’ म्हणजे एखाद्याला बाकीचं काम बाजूला ठेवून याच मागे लागायची मोकळीक कुणी दिली होती? आमच्याकडे अशी मोकळीक नव्हती. एका माणसाकडे दीडशे वस्तू, प्रत्येकीची बोंब. एखादा व्हेंडर ‘आठवड्यात देतो’ म्हणाला की आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो. तो खरं बोलतोय असं वाटतं म्हणून नव्हे, पुढची बोंब वाट बघत असते म्हणून. बाईंनी फळ्यावर तीन गोष्टी लिहिल्या: मोकळा वेळ, मोकळा पैसा, आधीची ओळख. म्हणाल्या, संकटात ज्यांना संधी दिसली त्यांची कुठलीही गोष्ट घ्या आणि यातलं काय त्यांच्याकडे आधीपासून होतं ते शोधा.

हा प्रश्न घेऊन मी पुढची प्रकरणं बघितली आणि मुख्य प्रशिक्षकाची निम्मी उदाहरणं त्या प्रश्नापुढे टिकली नाहीत. तिकडे येतोच. आधी बाईंचं दुसरं उदाहरण सांगतो, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे आणि कोर्समधलं सगळ्यात मोलाचं आहे.

१ फेब्रुवारी १९९७, शनिवार, पहाट. जपानमध्ये कारिया इथला आयसिन सेइकीचा कारखाना जळाला. तिथे टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकचा एक व्हॉल्व्ह बनायचा. ब्रेक दाबल्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांना किती दाब जावा हे ठरवणारा, हातात मावेल एवढा भाग. दिसायला किरकोळ, पण आतली छिद्रं निमुळती आणि मापाला अगदी काटेकोर. टोयोटा तो जवळजवळ सगळा आयसिनकडूनच घ्यायची, आणि साठा कमीत कमी ठेवायचा ही तर तिची जगप्रसिद्ध पद्धत. व्हॉल्व्ह नाही तर ब्रेक नाही, ब्रेक नाही तर गाडी नाही. काही दिवसांतच टोयोटाचे जपानमधले जवळपास सगळे जुळणी कारखाने थांबले.

आता पर्चेसवाल्याच्या नजरेने बघा. नवीन व्हेंडरकडून असा भाग घ्यायचा तर काय काय लागतं? ड्रॉइंग द्या, कोटेशन मागवा, दरावर घासाघीस, टूलिंगचा, म्हणजे त्या भागासाठी लागणाऱ्या साचे-हत्यारांचा, खर्च कुणाचा यावर वाद, सॅम्पल, तपासणी, रिजेक्शन, पुन्हा सॅम्पल. आमच्याकडे हे सुरळीत पार पडलं तर कित्येक महिने. ब्रेकचा भाग असेल तर विचारूच नका.

तिथे काय झालं? आयसिनने ड्रॉइंग वाटून टाकली. साठहून जास्त कंपन्यांनी व्हॉल्व्हचं काम अंगावर घेतलं आणि त्यांच्या मागे आणखी शेकडाभर छोट्या कंपन्या हत्यारं, ड्रिल, सुटे तुकडे पुरवायला उभ्या राहिल्या. आयसिनची या कामासाठीच बनवलेली खास यंत्रं जळून गेली होती, त्यामुळे प्रत्येकाने आपल्याकडच्या साध्या मशीनवर तो भाग कसा काढायचा याची आपापली युक्ती शोधली. त्यात शिलाई मशीन बनवणारी ब्रदर कंपनीही होती, तिने कधी मोटारीचा भाग बनवला नव्हता. काही दिवसांत पहिले व्हॉल्व्ह हातात आले. साधारण आठवडाभरात कारखाने पुन्हा धावू लागले. आणि दर? दराची बोलणीच झाली नाहीत. पैशाचं नंतर बघू म्हणाले, आणि नंतर खरोखर बघितलं. आयसिनने खर्च भरून दिला, टोयोटानेही पुरवठादारांना वरून मोबदला दिला.

बाईंचं म्हणणं, हा सगळा खेळ आगीनंतरच्या आठवड्यात झालेला दिसतो, पण तो आगीच्या आधीच्या कैक वर्षांत झालेला आहे. त्या कंपन्या एकमेकींना ओळखत होत्या, एकमेकींच्या कारखान्यात जाऊन त्यांची माणसं काम बघत होती, आणि पैसे बुडणार नाहीत याची खात्री होती. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेले नव्हते ते, विहिरी आधीच होत्या. मी त्यात एक भर घालतो, बाईंनी ती घातली नाही. ज्या व्हेंडरला आपण दर तीन महिन्यांनी पिळलाय, ज्याचं बिल सहा-सहा महिने अडकवलंय, तो आपल्या अडचणीच्या शनिवारी पहाटे फोन उचलत नाही. उचलला तर ‘आधीचं बाकी कधी देताय’ म्हणतो. माझ्याकडच्या फोनवहीत दोन्ही प्रकारची माणसं आहेत.

या प्रकरणाचा तक्ताही वेगळा. बाकी तक्त्यांत ‘माझी ताकद’, ‘माझं स्वप्न’ वगैरे रकाने. इथे चार रकाने: काय थांबलं, त्यामुळे कुणाचं अडलं, त्याचं काम आत्ता कोण आणि कसं भागवतोय, आणि त्याला मी कुठल्या ओळखीने गाठू शकतो. तिसऱ्या रकान्यातच खरी गोम आहे. लोकांचं अडलेलं सगळ्यांना दिसतं. पण अडलेला माणूस गप्प बसत नाही, काहीतरी जुगाड करून गाडा ओढतच असतो. तो जुगाड त्याला किती त्रासाचा आहे, त्यावर तुमच्या मदतीची किंमत ठरते. जुगाडाने त्याचं भागत असेल तर तुमची संधी कागदावरच राहते.

मी तो तक्ता बसून भरला. काय थांबलं: मोठ्या कारखान्यांनी खरेदी एकवटली, त्यामुळे आमच्यासारखे विभाग बंद झाले. कुणाचं अडलं: माझ्यासारख्यांचं, हे उघडच. पण त्याखाली लिहिता लिहिता दुसरं नाव आलं, छोट्या वर्कशॉपचे मालक. या लोकांना पूर्वी आमच्यासारख्यांकडून कळायचं की अमुक ग्रेडची सळी कुठे मिळेल, हीट ट्रीटमेंट कोण नीट करतं, कुणाचं प्लेटिंग सोलतं. ती माहिती देणारं आता कुणी नाही. तिसरा रकाना: मालक स्वतः रात्री बसून फोन करतो, मशीन बंद ठेवून माल बघायला जातो. चौथा: नंबर माझ्याकडे आहेतच. सध्या दोन वर्कशॉपसाठी मी महिन्याच्या ठरावीक मानधनावर हे काम बघतो. झेप वगैरे म्हणता येणार नाही, जुन्या पगाराच्या जवळपासही नाही. पण काम माझं आहे, येतं मला.

याचं श्रेय कोर्सला द्यायचं का? त्या एका तक्त्याला देतो. फोनवहीला जास्त देतो.

पाचव्या प्रकरणापासून पुन्हा मुख्य प्रशिक्षक, पुन्हा संगीत. ऑनलाइन व्हिडिओ मीटिंगच्या झूमची गोष्ट येते. डिसेंबर २०१९ मध्ये रोजच्या मीटिंगांत एक कोटीच्या आसपास लोक सहभागी व्हायचे, मार्च २०२० मध्ये वीस कोटी. ‘एका महासंकटाने जन्माला घातलेली संधी!’ जन्माला कसली घातली? कंपनी २०११ ची. आठ-नऊ वर्षं तेच एक काम चाललेलं, २०१९ मध्ये शेअर बाजारातही आलेली. साथ आली तेव्हा माल तयार होता. बाईंच्या फळ्यावरच्या तीनही गोष्टी त्यांच्याकडे आधीपासून होत्या.

मग एअरबीएनबी, लोकांची घरं-खोल्या मुक्कामाला ऑनलाइन भाड्याने मिळवून देणारी कंपनी. २०२० मध्ये प्रवास थांबला, बुकिंग कोसळलं, तर कंपनीने घराजवळचे आणि लांब मुक्काम विकायला सुरुवात केली, आणि त्याच डिसेंबरात शेअर बाजारात धडाक्यात उतरली. प्रशिक्षकाच्या डोळ्यांत चमक. पण मधले दोन महिने त्याने गाळले. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने बाहेरून २०० कोटी डॉलर उभे केले. मे महिन्यात सुमारे १,९०० माणसांना काढलं, म्हणजे चारातल्या एकाला. तगून राहायला एवढा पैसा मिळाला म्हणून नवी वाट शोधायला उसंत मिळाली. आणि ज्या १,९०० जणांची नोकरी गेली, त्यांच्यासाठी त्या मे महिन्याला काय म्हणायचं, हे कोर्समध्ये कुठेच येत नाही. हा कोर्स घेणारे बहुतेक लोक त्या १,९०० पैकी असतात, संस्थापकांपैकी नसतात. निदान आमच्या तुकडीत तरी तसंच होतं.

यावरूनच लाइव्ह तासाकडे येतो. तो कोर्सचा सगळ्यात कमकुवत भाग आहे. एका तासाला एक सहभागी, कार्यक्रमांना ध्वनियंत्रणा भाड्याने देणारा तरुण, त्याने सरळ विचारलं: कार्यक्रम बंद आहेत, स्पीकर कर्जावर घेतलेत, हप्ता दर महिन्याला जातो, संधी शोधू कधी? उत्तर मिळालं की ‘हप्ता हा तुमच्या मनातला अडथळा आहे’. मी माइक सुरू केला नाही, कारण जे तोंडात आलं होतं ते सभ्य नव्हतं. हप्ता मनात नसतो, बँकेत असतो. त्याला सांगायला हवं होतं की पहिल्यांदा बँकेत जा, थकायच्या आधी जा, हप्त्याची मुदत वाढवून मागता येते का विचार, दोन स्पीकर विकून हप्ता हलका होतो का बघ. संधी त्यानंतर. रक्त वाहत असताना आधी पट्टी बांधतात. कोर्सच्या आठ प्रकरणांत रोकड कशी वाचवायची, ज्यांचं देणं आहे त्यांच्याशी कसं बोलायचं, कुठला खर्च आधी थांबवायचा, यावर अर्धं प्रकरणसुद्धा नाही. मला विचाराल तर सगळ्यात मोठी उणीव हीच.

तास संपल्यावर ग्रुपवर मात्र त्या तरुणाला चांगली उत्तरं मिळाली. हिशेब लिहिणाऱ्या एका ताईंनी त्याला आवक-जावकीचा तेरा आठवड्यांचा तक्ता कसा मांडायचा ते व्हॉइस मेसेजवर समजावलं: दर आठवड्याला नक्की येणारे पैसे, नक्की जाणारे पैसे, आणि शिल्लक शून्याखाली कुठल्या आठवड्यात जाते. दुसऱ्या एकाने सांगितलं की ध्वनीमुद्रणासाठी खोली शांत करून द्यायचं काम त्याच्याकडे मागतात, सोबत येतोस का. पुढे काय झालं मला ठाऊक नाही. पण ही दोन उत्तरं पैसे घेऊन शिकवणाऱ्यांकडून यायला हवी होती, ती फुकट देणाऱ्यांकडून आली. ग्रुप कोर्स संपला की बंद करतात, हे मला पटलं नाही. त्यातली माणसं हाच कोर्समधला टिकाऊ माल होता. आम्ही काही जणांनी आपला वेगळा ग्रुप काढला.

सहावं आणि सातवं प्रकरण सोशल मीडियावर स्वतःला कसं मांडायचं याबद्दल आहे. तरुणांना उपयोगी पडेल, मी पळवत बघितलं. आठव्यात ‘तुमची झेप’ सादर करायची असते, त्याचा साचा तयार असतो. मी माझा चार रकान्यांचा तक्ताच जोडला. त्यावर शेरा आला, ‘आणखी मोठं स्वप्न बघा’.

तांत्रिक बाजू ठीक आहे. व्हिडिओ अडकत नाहीत, मोबाइलवर नीट दिसतात. पण खालचा मजकूर मशीनने टाइप केलेला असल्याने ‘जोखीम’चं अनेकदा ‘जखम’ झालंय, ते बघून हसू येतं. तक्ते छापता येतात, हे मला आवडलं. प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलं होतं, तक्रार केल्यावर बदलून दिलं.

घ्यावा का? नोकरी नुकतीच गेली असेल आणि शिल्लक थोडी असेल तर आत्ता घेऊ नका. तो पैसा तेरा आठवड्यांच्या तक्त्यात धरा. धंदा चालू आहे, डोक्यावर तातडीचं काही नाही, पण वारं फिरलंय असं वाटतंय, अशांनी घ्यायला हरकत नाही, चौथ्या प्रकरणासाठी. मोठ्या कारखान्यात खरेदीत असाल तर साहेबांकडून कंपनीच्या खर्चाने घ्या, आणि अल्बुकर्कीचा भाग साहेबांनाही बघायला लावा.

पैसे परत मागायची मुदत दुसरं प्रकरण उघडलं की संपते, हे अटींमध्ये बारीक अक्षरात आहे. त्यामुळे आधी मदत विभागाला चौथ्या प्रकरणाचा नमुना व्हिडिओ आणि तक्ता मागा. मागितला तर देतात, माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला दिला. तो बघून ठरवा.